अक्षरांआडचे ओठ

चैत्र उतरणीला लागला होता. नदीचे पात्र शुष्क, शुभ्र, उष्ण. आणि त्या वाळूवर, मावळतीच्या केशरी प्रकाशात, सिनेमाचा तंबू उभा होता. वाऱ्याने फुगत होता, वाऱ्याने मिटत होता. आजचा खेळ शेवटचा. उद्या तंबू उठणार, गाड्यांवर चढणार, आणि त्याच्याबरोबर एक मुखही परगावी निघून जाणार.

ते मुख पाहायला गोजराबाई आली होती.

गोजराबाई कोष्टीण. बालपणीच्या तापात तिचे कान गेले, ते गेलेच. मागांची खटखट साऱ्या आळीला जागवी, तिला नाही. पण ओठ वाचावेत तर तिनेच! तिची लेक रेवू बोलण्याआधी आईची हनुवटी चिमटीत धरी, तोंड आपल्याकडे वळवी, आणि मगच बोले. ती रेवू गेल्या दसऱ्याच्या आधी घर सोडून सिनेमात गेली. थोरल्या लेकाने, मार्तंडने, त्याच संध्याकाळी दाराला अडसर घातला. "आमच्या लेखी ती मेली," तो म्हणाला. गोजराबाईने तेही ओठांवरून वाचले. तेवढे वाचता आले नसते तर बरे झाले असते.

म्हणून आज ती लेकाच्या चोरून, शेजारणीचा हात धरून, बायकांच्या बाजूला येऊन बसली होती.

तंबूत काळोख झाला. काळोखातून प्रकाशाचा झोत निघाला आणि पांढऱ्या कापडावर नगर उभे राहिले, गोपुरे उभी राहिली, सेना धावू लागली. पेटी वाजत असेल, तबला घुमत असेल, खेळ सांगणारा घसा फोडत असेल. तिला काय त्याचे! पडद्यावरचे ते निःशब्द जग तिच्याच जगासारखे होते.

मरणासन्न राजा राणीच्या मांडीवर तळमळू लागला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, आणि गोजराबाईला फस्सकन हसू आले. राजाचे ओठ म्हणत होते, "उरका की लवकर, वाळू भाजतीया!" आवाज कुठे उमटायचा होता? मनाला येईल ते बोलत होती नटमंडळी. शेजारणीने कोपर मारले तेव्हा कुठे हसू आवरले.

पण राणी! मुकुटातली रेवू, मोत्यांतली रेवू, ओळखीची रेवू, अनोळखी रेवू. तिचे ओठ हलत होते ते इतरांसाठी. यंत्राचे चाक फिरत होते, चित्रांची फीत सरत होती. इतक्या सगळ्या हलणाऱ्या ओठांत माझ्यासाठी एकही शब्द नसेल का?

मग वनवासिनी राणी किल्ल्याच्या बंद दारापुढे आली. थांबली. तिने हात उचलला, रिकाम्या हवेत चिमटी केली, कुणाची तरी अदृश्य हनुवटी धरली, आणि हळूच आपल्याकडे वळवली.

तंबूतल्या लोकांना वाटले, राणी देवाला आळवते आहे. गोजराबाईची हनुवटी आपोआप वर झाली.

"आये," रेवूचे ओठ म्हणाले. "आये, मी..."

आणि पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरे आली.

सिनेमाची रीतच ती. पात्र बोलू लागले की त्याला झाकून अक्षरे येतात आणि त्याचे बोलणे सांगतात. वाचणारे वाचत होते, न वाचणाऱ्यांना सांगणारा ओरडून सांगत होता. गोजराबाईला ना अक्षर कळे, ना ओरडा. हलेनात ती अक्षरे, सरेनात ती अक्षरे, विझेनात ती अक्षरे. तिने शेजारणीचे मनगट इतके आवळले की काकणे रुतली. मी काय? मी सुखात आहे? मी चुकले? मी आजारी आहे? मान वळवून कुणाला विचारावे, तर तेवढ्यात ओठ निसटायचे. तिने पापणीसुद्धा लवू दिली नाही.

अक्षरे विझली. रेवू परतली. डोळे भरलेले, हात तसाच उचललेला. वाक्याचे शेपूट तेवढे ओठांवर उरले होते.

"...येऊ का?"

गाव हसते म्हणून गोजराबाई चारचौघांत कधी बोलत नसे. ती उठून उभी राहिली.

"ये!"

घोगरा, बेसूर, उघडा आवाज. तिचा तिला ऐकू आला नाही, तंबूने ऐकला. पेटी थांबली. सांगणारा थांबला.

"ये गं बाये! ये!"

पुरुषांच्या बाजूला, मुंडाशात तोंड लपवून बसलेला एक जण ताडकन उठला. घरात सिनेमाचे नाव काढू न देणारा मार्तंड! त्याने आईचा आवाज ओळखला होता, आणि त्याचे गाल ओले होते.

मायलेक वाळू तुडवीत घरी आले. वाटेत कुणी कुणाकडे पाहिले नाही. दारातला कंदील लावून मार्तंड आईसमोर उभा राहिला.

"आये, ती देवाला न्याय मागत हुती. अक्षरं वाचली म्या."

"न्हाई रं. मला इचारत हुती. येऊ का म्हनून."

त्याने अडसर उचलला. आता तो दार लावणार, असे गोजराबाईला वाटले. पण तो दाराकडे वळला नाही. आत गेला आणि अडसर मागाच्या मागे, कोपऱ्यात टेकवून आला.

"उद्या तंबूवाल्यांसंगं सांगावा धाडतो," तो सावकाश म्हणाला, तिला नीट वाचता यावे म्हणून.

दार उघडे राहिले. कंदिलाचा उजेड उंबरा ओलांडून रस्त्यावर पडला. चौकोनी, फिकट, थरथरता. त्या चौकोनात अजून कुणी नव्हते. गोजराबाई त्याच्यासमोर बसून राहिली, हनुवटी जराशी वर करून.