सुतार म्हणाला, भरीव आहे

मी शिडी बोलतेय. घडीची, आठ पायऱ्यांची, दोन्ही पायांमध्ये सुतळी बांधलेली. अंगावर नवं पॉलिश आहे आणि कालच्या फुग्यांची दोरी अजून लोंबतेय, पण त्या थाटावर जाऊ नका. एरवी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज मात्र गप्प बसवत नाही, आणि माझ्यापाशी वेळही थोडा आहे.

मला घडवलं आमच्या मिस्त्रींनी. चाळीस वर्षं झाली त्याला. तेव्हा त्यांचा कारखाना म्हणजे पुढे एक खोली आणि मागे घर. गिऱ्हाइकांच्या कपाटांतून उरल्यासुरल्या फळ्या जमवून त्यांनी मला उभी केली. लाकूड हलक्या प्रतीचंच, मी खोटं कशाला बोलू? पण सांधे असे बसवले की आजवर एक हलला नाही.

मिस्त्रींची एक सवय आहे. लाकूड कुठलंही असो, आधी टिचकी. मधल्या बोटाचं पेर वाकवायचं, टक टक वाजवायचं, मान तिरकी करून डोळे मिटायचे. मग एकच शब्द. "भरीव." नाहीतर "पोकळ." गल्लीत त्या शब्दाला फार मान. कुणाला जुनं दार घ्यायचं असो की माळ्यावर सामान चढवायचं असो, आधी मिस्त्रींना बोलावणं जायचं. डोळ्यांना फसवता येतं, कानांना नाही, असं ते सगळ्यांना ऐकवायचे.

मी तयार झाले त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली. बापाचं बघून ती रांगता रांगता दिसेल ते वाजवू लागली. दार, डबे, एकदा तर पाहुण्यांचं टक्कलसुद्धा. तेव्हापासून तिचं नाव पडलं टिचकी. खऱ्या नावानं तिला घरात कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही.

तिच्या पहिल्या वाढदिवसाला मिस्त्रींनी तिला माझ्या पहिल्या पायरीवर उभं केलं आणि मावशीनं फोटो काढला. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पायरीवर. असं आठव्या वाढदिवसापर्यंत चाललं. आठव्या फोटोत ती पार माझ्या माथ्यावर आहे, खाली मिस्त्री तिचे दोन्ही पाय घट्ट धरून वर बघताहेत. त्या दिवशी मला माझाच हेवा वाटला. पुढे पायऱ्या संपल्या आणि फोटोही.

मग ॲल्युमिनियमची शिडी आली. मेली जरा सरकवली की भांड्यांसारखी वाजते, पण वजनाला हलकी, त्यामुळे सगळ्यांची लाडकी. मला मागच्या पडवीत ओल्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि तिथे मला भुंगा लागला.

सुरुवातीला नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. मग दुखू लागलं. मग दुखायचंही थांबलं, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा. आतून पोखरत पोखरत त्या किड्यांनी माझं पीठ केलं. वरची साल तेवढी शाबूत राहिली.

त्याच सुमाराला मिस्त्रींचंही एक बिनसत होतं. गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिची मधल्या सुट्टीची घंटा झाली की मिस्त्री रंधा खाली ठेवून चहाला उठायचे, घड्याळ कधी लावलं नाही. दोनेक वर्षांपूर्वी ते उठेनासे झाले. घंटा व्हायची आणि हे आपले रंधा मारताहेत. चार-आठ दिवस त्यांच्या बायकोनं बघितलं, मग ती स्वतःच चहाचा कप आणून पुढ्यात ठेवू लागली. यंत्राच्या करवतीपाशी चाळीस वर्षं काढलेले कान ते, पण कान गेले असं म्हणायचं म्हणजे धंदा गेला म्हणायचं. टिचकीचा फोन आला की तीच घ्यायची, तीच बोलायची. "बाबा ना? मजेत आहेत. कामात आहेत." टिचकी दुसऱ्या गावी बस डेपोत इंजिनं दुरुस्त करते. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखते म्हणे. पण बापाचा आवाज तिला क्वचितच ऐकायला मिळायचा.

यंदा ती चाळीस वर्षांची होणार होती. दोन महिने आधीपासून आई आणि मावशी दुपारच्या वेळी कारखान्यात बसून बेत करू लागल्या. टिचकीला ताकास तूर लागू द्यायची नाही, असं ठरलं. कुणाला बोलवायचं, केक कुठून आणायचा, कुठे लपायचं. जुने फोटो निघाले आणि मावशीनं मांडीवर थाप मारली.

"ताई, ही शिडी आहे का गं अजून? परत आठवीवर उभी करू तिला. भावजी पाय धरतील. तस्साच फोटो!"

आईनं ते मिस्त्रींना तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा असा खुलला की मी सगळं विसरले. ते पडवीत आले, मला उचलून उजेडात नेलं. माझ्या अंगावरची भोकं बघून क्षणभर थांबले. मग टिचकी मारली, मान तिरकी केली, डोळे मिटले.

"भरीव आहे," ते म्हणाले. "भोकं जुनी आहेत. किडा केव्हाच मेलाय."

मी पोकळ वाजले होते हो. स्पष्ट वाजले होते. त्यांना काही ऐकू आलं नाही, आणि चाळीस वर्षांचा सराव मात्र मनात उत्तर देऊन मोकळा झाला. त्यांनी भोकं बुजवली, घासूनपुसून पॉलिश केलं. मी अशी दिसू लागले की माझी मलाच लाज वाटली.

पॉलिश झाल्यावरही रोज सकाळी माझ्या पायांशी पिठासारख्या भुकटीची बारीक रास पडायची. आई ती झाडायची. पहिल्या दिवशी म्हणाली, घासल्याचा भुसा असेल. पाचव्या दिवशी सुपली हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं. पण शिडी पोकळ आहे म्हणायचं तर तुमचे कान गेलेत हेही म्हणावं लागणार, आणि तेही पार्टी तोंडावर आलेली असताना. तिनं मावशीला एवढंच विचारलं, "खालच्या पायरीवर नाही का चालणार?" मावशी म्हणाली, "मग त्यात मजा काय?"

त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई आल्या. वरच्या वर्गांकडे जाणारा लाकडी जिना जुना झालाय, पायऱ्यांखाली रोज भुकटी पडते, जरा बघता का म्हणाल्या. मिस्त्री गेले. तासाभरानं परत आले आणि हात पुसत बायकोला म्हणाले, "पायरी अन् पायरी वाजवली. भरीव आहे. उगाच घाबरतात." आई माझ्याजवळच उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि केकवाल्याला फोन लावला.

टिचकीला बोलवायचं कसं, हा प्रश्न होता. वाढदिवसाला ये म्हटलं तर तिला कुणकुण लागणार. शेवटी आईनं आदल्या दिवशी फोन केला. "बाबांचं काही ठीक नाही गं. उद्या ये." फोन ठेवला आणि मावशीकडे बघून हसली. मला ते हसू बघवलं नाही. थाप म्हणून बोललेलं वाक्य अक्षरन् अक्षर खरं होतं.

काल दुपारी चारला ती आली. डेपोतल्या कपड्यांवरच, हाताला काळं तेल तसंच. दारातूनच "बाबा कुठायत?" म्हणाली आणि फळ्यांच्या मागून पंधरा-वीस माणसं "चाळीस!" म्हणून ओरडत उभी राहिली. ती हसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली, चेहरा पांढराफटक.

"असं बोलावतात का, आई? बसमध्ये सहा तास जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

"बरं, चुकले. रागावू नकोस आजच्या दिवशी."

"म्हणजे बाबांना काही झालेलं नाही ना?"

"काही नाही. ठणठणीत आहेत," आई म्हणाली.

केक कापला, गाणी म्हटली, मग मावशीनं मला मधोमध आणून उभी केली. टिचकी मला बघून पहिल्यांदा हसली. मिस्त्री आधीच वाकून, दोन्ही हात पुढे करून तयार होते, आठव्या फोटोत होते तसे. आता पोरगी चांगली वजनदार आणि बाप सत्तरीचा. ती वरून आली असती तर दोघांचं काय झालं असतं, ते मी मनात आणायचं नाही म्हटलं तरी येत होतं.

तिनं एक पाय उचलला आणि सवयीनं माझ्या अंगावर टिचकी मारली. मी जीव ओतून वाजले. जितकं पोकळ वाजता येईल तितकं वाजले.

तिचा पाय हवेतच राहिला. बापाकडे पाठ ठेवून ती हळूच म्हणाली, "बाबा, ही पोकळ आहे."

"हो हो, आठवीवरच," मिस्त्री आनंदानं म्हणाले. "मी धरतो ना."

लोक हसले, त्यांना ती थट्टा वाटली. टिचकीनं आईकडे बघितलं. आई टेबलावरचं कापड सारखं करत होती, सारखं असलेलंच. टिचकीला दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळल्या, माझीही आणि बापाचीही.

तिनं पहिल्या पायरीवर नुसतं पाऊल टेकवलं आणि सगळा भार बापाच्या गळ्यात टाकला. "चाळिशीनंतर परत पहिलीपासून सुरुवात, मावशी. काढ फोटो." मिस्त्री खूश झाले, सगळे खूश झाले. तिच्या अंगठ्याखाली माझी पायरी कट्कन वाजली. ते ऐकलं फक्त आम्ही दोघींनी.

आज सकाळी चहा झाल्यावर तिनं बापाला माझ्यापाशी आणून बसवलं. पटाशीचं धारदार टोक माझ्या पायात दाबलं. काल केकमध्ये सुरी गेली तसं ते आत गेलं. भुकटी घळाघळा सांडली आणि तिनं ती बापाच्या तळहातावर धरली.

मिस्त्रींनी बोट वाकवून मला वाजवलं. परत वाजवलं. लेकीच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कशी वाजतेय गं?"

"पोकळ, बाबा."

"मला भरीव वाटली."

आई तोंडाला पदर लावून दारात उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. कसं सांगू यांना, म्हणून..."

टिचकी तिच्यावर चिडली नाही. बापाचा हात हातात घेऊन, त्यांना ओठ दिसतील असं सावकाश बोलली. "या दोन वर्षांत अजून काय काय वाजवलंत?"

मिस्त्री बोटांवर मोजू लागले. "किराणा दुकानाचा माळा. पण तो मग त्यांनी लोखंडी केला. दवाखान्याचं दार. शिंपिणीचा पलंग." मग बोट थांबलं. "शाळेचा जिना."

"भुकटी पडते म्हणाल्या होत्या मोठ्या बाई," आई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं.

तेवढ्यात शाळा भरल्याची घंटा झाली. दोघींनी एकदम मान वर केली. मिस्त्रींची नजर अजून त्या थांबलेल्या बोटावरच होती.

टिचकीनं शाळेला फोन लावला. तो वाजतच राहिला, कारण या वेळी सगळ्या बाई मैदानावर असतात. आधी प्रार्थना होते, मग वरच्या वर्गाची पोरं रांगेनं जिना चढतात. रांग कसली, एकमेकांना ढकलत पळतातच. दोघी अनवाणीच धावत सुटल्या. आईला गुडघ्यामुळे धावता येत नाही, तरी धावली.

आता इथे मी आहे आणि मिस्त्री आहेत. ते मला परत परत वाजवताहेत, माझ्या अंगाला कान लावून. त्यांच्यावर राग धरू नका. माझं काय व्हायचं ते होऊ दे, चुलीत जाईन, चाळीस वर्षं पुष्कळ झाली. माझं मागणं वेगळंच आहे. तुमच्यापैकी कुणी त्या शाळेच्या जवळपास असाल, तर हातातलं काम टाका आणि जिन्याच्या तोंडाशी आडवे उभे राहा. पोरं हसतील, शिपाई ओरडेल, खुशाल ओरडू दे. एकालाही वर जाऊ देऊ नका.

गल्लीच्या टोकाकडून पोरांचा सूर इथपर्यंत येतोय. प्रार्थनेचं शेवटचं कडवं चाललंय.