कोरडा साचा

घरामागच्या उघड्या पडवीत गॅसच्या शेगडीवर ती शिसं वितळवत होती. वारा अंगणाकडे वाहत होता, धूर तिकडेच जात होता. मिस्त्री खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. त्यांच्या नव्या नावेच्या तळाशी भार म्हणून शिशाच्या चाळीस लगडी हव्या होत्या, आणि त्याही गुळगुळीत. सुरकुतलेल्या लगडी एकमेकींवर नीट बसत नाहीत, फटींत पाणी साचतं. तिचा नवरा होता तोवर हे काम त्याचं होतं. आता तिला जमतं का, हे बघायला ते आले होते. नाही जमलं तर भांडं, पळी, साचे सगळं धाकट्या दिराकडे जाणार होतं. हे ठरवलं दिरानंच.

"वहिनी, साचा चकाचक करून ठेवलाय," दीर म्हणाला. "आत्ताच साबणानं घासला. लगड आरशासारखी निघेल."

हातमोजे चढवता चढवता ती थांबली. "पाण्यानं धुतलात?"

"मग काय दुधानं धुऊ? पुसलाय की कोरडा."

तिनं साचा चिमट्यानं उचलून विजेच्या शेगडीवर ठेवला आणि आच मंद केली.

"अहो, शिसं तयार आहे," मिस्त्री म्हणाले. "मला उशीर होतोय."

"मग निघा. ओल्या साच्यात मी शिसं ओतणार नाही."

"घाबरल्या," दीर मिस्त्रींकडे बघून हसला. "दादा असता तर एव्हाना दहा झाल्या असत्या."

"तुमच्या दादाच्या हातावर ते डाग कशाचे होते, भावोजी? पाण्याच्या एका थेंबाचे. शिसं आढ्यापर्यंत उडालं होतं."

तिनं खिडकीच्या काचेचा थंड तुकडा साच्यावर धरला. काच धुरकटली. ती तिनं दिराला नाही, मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी खुर्ची चार हात मागे सरकवली.

"गंजाखाली पाणी राहतं," ती म्हणाली. "फडक्याला सापडत नाही."

काच दुसऱ्यांदाही धुरकटली. बऱ्याच वेळानं, तिसऱ्यांदा, ती स्वच्छ राहिली. मग तिनं चष्मा आणि मास्क चढवला, शिशात मेणाचा खडा टाकून ढवळलं, वर आलेली मळी काढली आणि एका धारेत साचा भरला.

पहिली लगड सुरकुतलेली निघाली.

"झालं," दीर म्हणाला. "एवढा थाट कशाला केलात मग?"

"वाळला म्हणजे तापला असं नाही." तिनं लगड चिमट्यानं परत भांड्यात सोडली. दुसरीही सोडली. मिस्त्रींनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तिसरी निवल्यावर त्यांनी हातमोजा घालून उचलली, उन्हात तिरकी धरली, पेन्सिलीचं टोक तिच्यावरून ओढलं. कुठं अडकलं नाही.

"बाकीच्या कधी?"

"आठवड्यानं. आणि साच्याला माझ्याशिवाय कुणी हात लावणार नाही, हे मिस्त्रींसमोर सांगते."

दिरानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरातून आणलेला चहाचा कप त्यानं पडवीच्या कठड्यावरून उचलला.

"भावोजी, इथं चहा नाही, शिसं पोटात जातं. आधी साबणानं हात धुवा, मग घरात जाऊन प्या."

तो कपाकडे बघत क्षणभर उभा राहिला. मिस्त्री मात्र उठून आधीच नळाकडे निघाले होते.