साडेसातची सही

सही करायच्या बाबतीत मी खडूस माणूस आहे. जळगावात पाईपच्या कंपनीत मी तपासणीला असतो. बंडल मोजायचं, जाडी बघायची, टोकं तपासायची आणि मगच कागदावर 'संघपाल' लिहायचं. आमचा सुपरवायझर चुडामण शिफ्ट संपताना कितीदा म्हणतो, "भाऊ, सह्या करून ठेव ना. माल तर चांगलाच निघतो." मी म्हणतो, निघू दे, मग बघू. यावरून माझी टिंगल होते आणि मला ती आवडते, खोटं कशाला बोलू.

हे सांगायचं कारण म्हणजे हाच माणूस दर रविवारी धुळ्याला जाऊन सहा सह्या आगाऊ करून येत होता.

माझी मुलगी प्रज्ञा दुसरीत आहे. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. माझी शिफ्ट दुपारी तीन ते रात्री अकरा, तेव्हा जळगावच्या खोलीवर पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून ती धुळ्यात, देवपूरला, माझ्या मायजवळ, भागाबाईजवळ राहते. आठवड्यातून एक दिवस मी बाप असतो. बाकीचे सहा दिवस सकाळी दोन मिनिटं फोनवर असतो, तेही तिची वेणी घालणं चालू असताना. कामावर मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि मी सुटतो तेव्हा ती झोपलेली असते.

जूनमध्ये शाळेने पालकांची सभा घेतली तेव्हा मी खाडा करून गेलो. मोनाली मॅडमनी प्रत्येकाला एक कापडी पिशवी दिली. वाचनपिशवी. आत गोष्टीचं पातळ पुस्तक, पालकांनी विचारायच्या प्रश्नांचं कार्ड आणि चौकटींचा तक्ता. पुस्तक दर सोमवारी बदलणार. "रोज दहा मिनिटं मुलाजवळ बसा," मॅडम म्हणाल्या. "मूल अडखळलं तर लगेच शब्द सांगू नका. मनात पाच मोजा. बहुतेक वेळा त्याचं त्यालाच येतं." आणि मग त्या दिवसाच्या चौकटीत सही करायची. चौकटीवर छापलेलं होतं : आज मी माझ्या मुलाचं वाचन ऐकलं.

मायला मी म्हटलं, तू ऐक आणि अंगठा लाव. ती हात मागे घेत म्हणाली, "माले काय वाचता येस? ते तुन्हं काम शे." महिना भरला की तक्ता वर्गात लावतात. बाकीच्या पोरांच्या चौकटी भरलेल्या आणि माझ्या प्रज्ञाच्या तेवढ्या रिकाम्या, हे काही मला बघवलं नसतं. पहिल्याच रविवारी मी तिचं वाचन ऐकलं, रविवारची सही केली आणि बस पकडायच्या आधी सोमवार ते शनिवार सह्या ठोकून मोकळा झालो. मनाला सांगितलं, पाईप वेगळे, पोर वेगळी. प्रज्ञा शेजारी बसून बघत होती.

असं दोन महिने चाललं.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी शिफ्ट सुरू झाल्या झाल्या मशीन बंद पडलं. दुरुस्तीला माणूस उद्या येणार होता. चुडामण म्हणाला, जा घरी. खोलीवर जायच्या ऐवजी मी स्टँडवर गेलो आणि धुळ्याच्या बसमध्ये बसलो. फोन केला नाही. म्हटलं, पोरीला चकित करू. पांझरेच्या पुलावरून रिक्षा देवपुरात शिरली तेव्हा साडेसात वाजत आले होते.

दार उघडंच होतं. ओट्यावर माय वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून ती उठली नाही, नुसतं बोट ओठांवर ठेवलं. "बोलू नको. आते ती वाची ऱ्हायनी."

मी दाराशीच थांबलो. आत प्रज्ञा पाठमोरी बसली होती. समोर भिंतीला टेकवून तक्ता ठेवला होता आणि मांडीवर पुस्तक. ती तक्त्याला गोष्ट वाचून दाखवत होती. करडाला घरी ठेवून बाजारात गेलेल्या शेळीची गोष्ट होती. 'आठवडेबाजार' या शब्दाशी गाडी अडली. ती थांबली. तक्त्याकडे बघत एका हाताची बोटं एकेक करून मिटली. पाचवं बोट मिटल्यावर म्हणाली, "आठ-वडे-बाजार." मग तक्त्याकडे बघून मान हलवली आणि पुढे गेली.

"रोज साडेसातले असंच शे," माय हळूच म्हणाली. "तुन्ही सही समोर ठेवस आनि तुलेच वाची दखाडस. माले बठ्ठ्या गोष्टी पाठ व्हयी ग्यात."

सहा दिवसांच्या माझ्या खोट्या सह्या या पोरीने एकटीने खऱ्या करून ठेवल्या होत्या.

मी आत गेलो. तिने वळून बघितलं, चेहरा उजळला, पण धावत आली नाही. "थांबा पप्पा, अर्धं पान राहिलंय," म्हणाली. मग तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक घेऊन माझ्याकडे तोंड करून बसली. मी पूर्ण गोष्ट पहिल्यापासून ऐकली. शेवटी शेळी घरी येते.

मला आता स्वस्थ बसवेना. माझा स्वभावच तसा, चूक कळली की लगेच निस्तरायची. पेन काढलं आणि गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिन्ही सह्यांवर काट मारली. "बाळा, हे मी चुकीचं केलं होतं. ऐकलं नाही तर सही करायची नसते. उद्यापासून आजी ऐकेल आणि अंगठा लावेल. मॅडमला मी सांगतो."

प्रज्ञा काटलेल्या चौकटींकडे बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"मी शे ना बेटा आठे," माय दारातून म्हणाली.

"तू तर इथंच असते, आजी," प्रज्ञा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती आजीला नुसतं समजावून सांगत होती. "तुझी सही कशाला पाहिजे? जे नसतात त्यांची लागते."

मायच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. मी तोंड फिरवलं. ज्या पोरीला आठवड्यातून एकच दिवस बाप मिळतो, तिचे उरलेले सहाही दिवस मी नियमावर बोट ठेवून काढून घेतले होते.

सकाळी निघताना मी तक्ता मागून घेतला. काटलेल्या तिन्ही चौकटींत, काट मारलेल्या सहीखाली, जागा होती तेवढ्यात पुन्हा 'संघपाल' लिहिलं आणि प्रत्येक सहीपुढे वेळ लिहिली : साडेसात. प्रज्ञाने ती बोट फिरवून वाचली. "नक्की? साडेसातला तिथून ऐकणार?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मायला सांगितलं, तुझा अंगठाही शेजारी उमटू दे, खरं ऐकणारी तूच आहेस. तिने या वेळी हात मागे घेतला नाही.

गुरुवारी मशीन चालू झालं. पाईप निघत होते, मी जाडी बघत होतो, आणि दर थोड्या वेळाने घड्याळ. साडेसात वाजले तसा मी हातातला पाईप खाली ठेवला आणि उभा राहिलो. नव्वद किलोमीटरवरून काय ऐकू येणार? मशीनच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिथे, त्या भिंतीजवळ असावं असं इतकं वाटलं, की पाय आपोआप दाराकडे वळले.

"भाऊ, बंडल तयार शे. सही?" चुडामण कागद घेऊन आला.

"थांब जरा," मी म्हटलं, आणि एकेक बोट मिटत पाचपर्यंत मोजलं.