गोल कोपरा

वरोरच्या चिमणच्या हाताला गोल कोपरा ठाऊकच नव्हता, आणि त्याच्या लेकीला, शितलला, नेमका तोच हवा होता. एवढ्या एका गोष्टीपायी त्या घरात कित्येक दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

चिमणने उभा जन्म डाय कोरण्यात घालवला. डाय म्हणजे सोनाराचा पोलादी साचा. त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की पान, मोर, फूल उठतं. कडेला जरा गोलाई राहिली तर नक्षी बोथट उठते आणि सोनार डाय परत पाठवतो. आता ते काम कॉम्प्युटरची मशीन करते आणि चिमणच्या छिन्न्या तेल लावून डब्यात पडल्यात. म्हणून तर शितलने मोठ्या हौसेने ड्रोनच्या सांगाड्याचा साचा त्याला करायला सांगितला. हौस कसली, हात दाखवून अवलक्षण!

तिचे विकतचे सांगाडे चिकूच्या फांदीला लागून खाली आले की मोडायचे. बोर्डीच्या चिकूवाडीवाल्या नविनशेठनी बजावलं होतं, "सोमवारी वाडीतल्या झाडांचे शेंडे वरून दाखव. जमलं तर हंगामभर काम तुझं. नाहीतर वापीहून माणूस बोलावतो."

बापलेकीने मासळीचे फुटके प्लास्टिकचे क्रेट कापून आईच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये वितळवले. तो वास नाकात गेल्यापासून शितलची आई जमना नवऱ्याशी बोलेनाशी झाली, ते वेगळंच. वितळलेलं प्लास्टिक गाडीच्या जॅकने साच्यात दाबलं आणि सांगाडा निघाला. काय देखणा निघाला! चारी हात मधल्या चौकटीला मिळतात ते कोपरे असे रेखीव, की पाहत राहावं. शितलने तो गच्चीवरून खाली टाकला. कोपऱ्यातूनच तुटला.

"बाबा, प्लास्टिक टोकदार कोपऱ्यातच चिरतं. साच्याच्या कडा कानशीने गोल करा."

"माल नीट भरला नसेल, बाय," म्हणत चिमणने कडा आणखी धारदार केल्या. दुसरा सांगाडा तिथेच तुटला.

मग शितल कानस घेऊन त्याच्या शेजारीच बसली. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं पुन्हा सगळं समजावलं, कडा गोल करून घेतल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकून बॅटरी आणायला डहाणूला गेली. परत आली तर चिमण खुशीत.

"सफाई करून ठेवली. फार गबाळं दिसत होतं ते."

कडेच्या दोन्ही बाजू तासून त्याने धार परत काढली होती! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती अशी. उद्या सोमवार. शितलने कपाळावर हात मारून घेतला, आणि जे इतके दिवस दातांखाली धरलं होतं ते सुटलं.

"धारदार तर मशीनही कापून देते, बाबा! त्यासाठी तुम्ही कशाला हवे?"

ओव्हनचा ट्रे खरवडणारी जमना थांबली. शितलला बोलल्याक्षणी वाईट वाटलं, पण रागही तेवढाच होता. चिमणने कानस उचलली आणि एकेक कड घासून गोल केली. बोटाने चाचपली, पुन्हा घासली.

नवा सांगाडा थंड झाल्यावर तिने गच्चीवरून टाकला. मोडला नाही. चिमणने तो उचलून कोपऱ्यात अंगठा फिरवला.

"कुणीही करील हे," तो म्हणाला. "यात माझा हात कुठे दिसतोय?"

या माणसापुढे डोकं आपटावं की पाया पडावं, शितलला कळेना. तिने सांगाडा त्याच्या हातातून ओढून घेतला, तरातरा गच्चीवर गेली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खाली आपटला. तो अंगणातल्या पाट्यावर आदळला, उसळला आणि चिमणच्या पायाशी येऊन पडला.

"तुटला का?" तिने वरून ओरडून विचारलं.

चिमणने उलटसुलट करून पाहिला. "नाही."

"मग तिथेच आहे तुमचा हात!"