बारीक झालेला न्हावी

लग्नानंतर न्हाव्याने अंग धरायला सुरुवात केली, ती काही थांबेना. दिवसभर उभ्याने काम, मधे मिळेल ते तोंडात टाकायचं आणि दुकान बंद करून घरी आला की ताटावर तुटून पडायचं. सलूनमध्ये खुर्च्या दोनच. एक त्याची, दुसरी मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. दोन्हींच्या मधून वळताना दाजींचं पोट गिऱ्हाइकाच्या कानाला लागायला लागलं, तेव्हा मेहुण्याने गुपचूप आपली खुर्ची भिंतीकडे सरकवली.

बोलला तो डॉक्टर. रक्तदाब बराच वाढला होता. रोज सकाळी एक गोळी घ्या, बेताचं खा, चाला आणि वजन हळूहळू उतरवा, असं त्याने सांगितलं. त्यातलं 'हळूहळू' तेवढं वगळून बाकी सगळं न्हाव्याच्या डोक्यात शिरलं.

त्याने जेवण जवळजवळ सोडलंच. काकडी, उकडलेली भाजी, नाहीतर नुसतं पाणी. बायको म्हणाली, "अहो, कोंबडीचं पिल्लूसुद्धा याहून जास्त टिपतं." पण बघता बघता गालफडं बसली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली आणि गिऱ्हाइकं वाहवा करायला लागली. स्तुतीने माणसाला मूठभर मांस चढतं म्हणतात. याचं मात्र तेवढंच उतरत होतं.

मग एका सकाळी गोळी हातात धरून तो बायकोला म्हणाला, "वजनच गेलं, आता दुखणं राहणार कुठे? त्याचं बिऱ्हाडच मोडलं की."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं की ते आणखी एक गोळी लिहून देणार."

गोळ्या कपाटात मागे गेल्या. पण उपाशीपोटी निग्रह किती टिकणार? थंडी पडली तशी भूक परतली, भुकेमागून वजन आलं आणि पहिल्यापेक्षा चार किलो जास्तच घेऊन आलं. पुन्हा उपास, पुन्हा उतरलं. पुन्हा चढलं. दोरीवर वाळत घातलेले त्याचे शर्ट बघून मेहुणा म्हणाला, "दाजी, या घरात तीन भाऊ राहतात असं वाटतं." न्हावी पोट धरून हसला. डॉक्टरकडे जायचं मात्र टाळत राहिला. जाड असताना लाज वाटायची आणि बारीक असताना गरज वाटायची नाही.

उपासाची तिसरी फेरी चालू होती. सकाळी खुर्चीत मास्तर बसले होते, शाळेतून निवृत्त झालेले, जुनं गिऱ्हाईक. एक गाल झाला होता. दुसऱ्या बाजूला गळ्याशी वस्तरा टेकवून न्हाव्याने डाव्या हाताने कातडी ताणली. हात घसरला. त्याने पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. फेस जास्त झाला असेल, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं, बोटांना कातडी लागतच नव्हती.

मास्तर आरशात बघून म्हणाले, "अरे, तुझं तोंड असं वाकडं का झालंय?"

"काही नाही," असं तो म्हणाला, पण तोंडातून भलताच आवाज निघाला. सगळ्यात आधी आठवला तो वस्तरा. उजवा हात अजून त्याचं ऐकत होता. त्याने पातं गळ्यापासून अलगद उचललं आणि लांब धरून मेहुण्यापुढे केलं. मेहुण्याने ते घेतलं न घेतलं, तोच न्हाव्याचा डावा पाय मुडपला.

"दाजी, दोन्ही हात वर करा बघू!"

एकच वर गेला. मेहुणा पाणी पाजत, हात चोळत बसला नाही. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी समोरून येणारी मोटार थांबवली.

वेळेत पोचले म्हणून मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध देता आलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचं वजन किती?"

"कुठल्या महिन्यातलं सांगू?" बायको म्हणाली.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "वाढलेलं वजन रक्तदाबाला वर ओढतं, आणि त्यातून असा झटका येतो," त्या म्हणाल्या. "पण सारखं झपाट्याने उतरवणं आणि चढवणं हेही शरीराला सोसत नाही. आणि वजन उतरलं म्हणजे दाब उतरलाच असं नाही. तो मोजावा लागतो. तुम्ही मोजलाच नाहीत."

न्हावी बायकोची वाट बघत राहिला, आता ही बोलेल, मग बोलेल. ती बोलली नाही. रोज सकाळी गोळी पुढे करायची आणि ती गिळून होईपर्यंत समोर उभी राहायची. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या, असं त्याला वाटे.

आता तो सगळ्यांबरोबर दोन्ही वेळा जेवतो. संध्याकाळी मेहुण्याबरोबर पाय ओढत का होईना, चालून येतो. वजन उतरतंय, पण इतकं सावकाश की कोणी वाहवा करत नाही. पाय बराचसा सुधारला. डाव्या बोटांना अजून फणी नीट धरवत नाही.

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मेहुणा जाऊन त्याच्या खुर्चीत बसला.

"कापा."

"वेडा आहेस का? हात थरथरतोय."

"कान तेवढे ठेवा. बाकीचं परत उगवेल."

न्हाव्याने बराच वेळ घेतला. मागची रेघ वाकडी गेली, एका बाजूला खाच पडली. त्याने घाम पुसला आणि कात्री खाली ठेवली. मेहुण्याने मानेवरून हात फिरवला, जागेवरून हलला नाही.

"दाजी, पावडर कोण लावणार?"