डावीकडचे लांब पास

स्टोव्हरला देऊन टाकल्याची बातमी वेंडेल क्रुप्काला सांगितली ती खाट न्यायला आलेल्या माणसाने. त्याच्या बायकोला, रोझलिनला, जाऊन पाच आठवडे झाले होते. तिच्यासाठी भाड्याने आणलेली खाट अजून बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर पडून होती. त्या माणसाच्या डोक्यावर बार्जमेनची, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, टोपी होती. खाटेचा पाय सोडवता सोडवता तो सहज म्हणाला, "ऐकलंत ना? आपला क्वार्टरबॅक गेला. बदल्यात ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीचा एक नंबर घेतला आणि दिला पश्चिमेकडच्या टीमला."

वेंडेलने त्याला खाट आहे तिथेच ठेवायला सांगितली आणि घराबाहेर काढलं. बिचाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

टीमचे पास फेकणारा हा क्वार्टरबॅक, डॅरिक स्टोव्हर, म्हणजे रोझलिनचा पोरगा, असं सगळं पोर्ट केलर गाव गमतीने म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ह्यालाच घ्या असं सांगणारी गावात ती एकटी होती. त्याला घेतला तेव्हा तिने शाळेच्या ऑफिसात सगळ्यांना डोनट वाटले होते. आणि आता ती जाऊन दीड महिनासुद्धा झाला नाही, तोच ह्यांनी तिच्या पोराला दिलं सोडून. वेंडेलला यात योगायोग दिसत नव्हता. त्याला यात हरामखोरी दिसत होती.

चौतीस वर्षं तो सरोवराखालच्या मिठाच्या खाणीत होता, आणि एकतीस वर्षं त्या दोघांच्या स्टेडियममधल्या खुर्च्या ठरलेल्या होत्या. तो मैदानाकडे बघून ओरडायचा. ती मांडीवर वही घेऊन बसायची, उजव्या हातमोज्याची दोन बोटं कापलेली, आणि प्रत्येक पास लिहायची: कितव्या प्रयत्नाला, कुठल्या बाजूला, किती लांब, मिळाला की सुटला. मग गाडीत चाळीस मैल भांडण. त्यांची भांडणं पैशावरून किंवा मुलांवरून फारशी झाली नाहीत. झाली ती तिसऱ्या प्रयत्नाला बॉल फेकायचा की घेऊन पळायचं यावरून. एकदा वेंडेल चिडून मधल्याच पेट्रोल पंपावर उतरला होता. ती सोडून गेली आणि वीस मिनिटांनी परत आली, तेव्हा काच खाली करून आधी म्हणाली, "तरी तू चूकच आहेस."

बातमी कळली त्याच्या दुसऱ्या सकाळी वेंडेलने रेडिओच्या फुटबॉलच्या कार्यक्रमाला फोन लावला. पाऊण तास थांबला. नंबर आला तेव्हा जे मनात होतं ते सगळं बोलला. मॅनेजर गाढव आहे, मालक त्याहून मोठा गाढव आहे, आणि स्टोव्हरचा खांदा संपलाय म्हणणारे लोक कधी थंडीत स्टेडियममध्ये बसलेले नाहीत. निवेदकाने विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय? वेंडेल म्हणाला, "माझ्या बायकोने एकतीस वर्षं एकेक पास लिहून ठेवलाय. स्टोव्हर तिचा पोरगा. आणि तिचा लिफाफा डब्यात आहे. ड्राफ्टच्या शनिवारी उघडेल, तेव्हा सोमवारी मी स्वतः फोन करून तुम्हाला वाचून दाखवीन."

वही त्याने उघडून बघितली नव्हती. उघडायची गरज त्याला वाटली नाही. त्याला ठाऊकच होतं.

लिफाफ्यांचा रिवाज डुएन टॅल्बर्टच्या गॅरेजातला. डुएन शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, वेंडेलचा सर्वांत जुना दोस्त. सीझनचा शेवटचा सामना संपला की त्याच आठवड्यात पाच जणांनी कागदावर लिहायचं: क्वार्टरबॅक ठेवायचा की द्यायचा, आणि ड्राफ्टमध्ये पहिला कोण घ्यायचा. कुणाला दाखवायचं नाही. लिफाफा चिकटवून प्रेट्झेलच्या डब्यात टाकायचा. एप्रिलच्या शेवटी, ड्राफ्टच्या शनिवारी, दुपारच्या जेवणाला डबा उघडायचा. ज्याचं सर्वांत जास्त चुकेल त्याने पहिल्या घरच्या सामन्याला शत्रू टीमची नारिंगी जर्सी घालून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये सगळ्यांसाठी सॉसेज भाजायची. तशी जर्सी घालून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिव्या खात उभं राहणं म्हणजे काय हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

एप्रिलच्या मध्याला डुएनने फोन केला. यंदा रोझलिनचा लिफाफा राहू दे, असं त्याचं म्हणणं होतं. उगाच कशाला, तू घरी नेऊन ठेव, निवांत कधीतरी उघड. वेंडेलचं डोकं फिरलं. मेलेल्या माणसाला खेळातून काढता का, असं त्याने विचारलं. डुएन तसं नाही म्हणत राहिला, कसं ते सांगेना. शेवटी वेंडेल म्हणाला, "तिचा लिफाफा उघडणार, आणि सगळ्यांत आधी उघडणार," आणि फोन ठेवला.

शनिवारी गॅरेजात चौघं जमले. डुएन, त्याची बायको मार्जी, त्यांचा जावई केल्विन आणि वेंडेल. मार्जीने मिरचीचा बीन्स-खिमा मोठ्या भांड्यात करून आणला होता. टीव्हीवर शेवटच्या फेऱ्या चालू होत्या, ज्यात कुणी न ऐकलेल्या पोरांची नावं पुकारतात. बार्जमेननी गुरुवारी पहिल्याच फेरीत बावीस वर्षांचा नवा क्वार्टरबॅक घेतला होता, म्हणून केल्विन खुशीत होता. केल्विन टीमच्या आकड्यांचा अभ्यास करणारा, हातात सतत फोन. स्टोव्हरला विकलं तेच बरं झालं, हे तो वेंडेलसमोर तिसऱ्यांदा सांगत होता.

"तुम्ही मनाने बघता, वेंडेल. आकडे बघा. मागच्या सीझनला डावीकडे वीस यार्डांच्या पुढे..."

"तुझे आकडे घाल चुलीत," वेंडेल म्हणाला. "तू त्या पोराला एकदा तरी बर्फात खेळताना बघितलंस का? तू तर पाऊस आला की गाडीत जाऊन बसतोस."

"एकदा बसलो होतो. ताप होता मला."

"टीमलाही होता. ती खेळली."

मार्जी हसली आणि वाट्या भरायला लागली. वेंडेलने वाटी बाजूला सारली आणि डबा पुढे ओढला. डुएन म्हणाला, आधी जेवून घे. वेंडेलने ऐकलं नाही. पाकिटांवर नावं होती. रोझलिनचं त्याने काढलं, अंगठ्याने फाडलं आणि उभा राहून मोठ्याने वाचायला लागला.

"स्टोव्हरला द्या. अजून कुणी घ्यायला तयार आहे तोवर द्या. खांदा गेला. पहिला नंबर क्वार्टरबॅकची पाठ राखणाऱ्या डाव्या बाजूच्या टॅकलसाठी वापरा, नाहीतर नव्या पोराचाही खांदा..."

तो थांबला. केल्विनने फोन खाली ठेवला होता.

वेंडेल त्या कागदाकडे बघत राहिला. अक्षर सगळं मोठं, सुटं, ठोकळ्यासारखं. तसं अक्षर त्याने एकाच माणसाचं बघितलं होतं. तीस वर्षं रोज बसचा फॉर्म भरणाऱ्याचं.

"हे तू लिहिलंस," तो डुएनला म्हणाला.

"हो."

"माझ्या बायकोच्या नावाने तू लिहिलंस."

"लिहिलं मी. बोलली ती. तिच्या हातात पेन राहत नव्हतं, वेंडेल. तू औषधं आणायला गेला होतास."

"खोटं बोलतोस. ती मला सांगितल्याशिवाय राहिली नसती."

डुएनने चमचा खाली ठेवला. "ती म्हणाली, वेंडेलला सांगू नकोस. सांगितलं तर तो ओरडायला तोंड उघडेल, मग माझ्याकडे बघेल, आणि हो म्हणेल. म्हणाली, ते हो मला नको आहे."

वेंडेलने टेबलाला हात घातला. उलटवायचं होतं की नुसतं धरायचं होतं हे त्यालाही कळलं नाही. पण वाटी पडली, खिमा मार्जीच्या चपलांवर सांडला. त्याने डुएनला जे काही म्हटलं ते मार्जीसमोर त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. एवढे दिवस मला रेडिओवर वेडा बनू दिलंस, हे त्यातलं सभ्य वाक्य. मग तो कागद खिशात कोंबून घरी निघाला. डुएनला खोटं पाडायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. वही आहे. वहीत तिचं अक्षर आहे.

शेवटची वही शिवणाच्या मशीनवर होती. खाट जिथे होती तिथे आता नुसता गालिचा होता, चार पायांचे चार खड्डे पडलेला. वेंडेल तिथेच खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यांदा त्याने बायकोची वही नीट वाचली. पहिल्या सामन्यापासून डावीकडच्या लांब पासांभोवती तिने लाल गोल केले होते. अकरा सामने. एकतीस गोल. मिळालेले सात. तळाशी तिने काहीच लिहिलं नव्हतं, बेरीजसुद्धा केली नव्हती. अकराव्या सामन्याचं अक्षर खाली घसरत गेलं होतं आणि पुढची पानं कोरी होती.

हरणार असं दिसलं की वेंडेल आणखी हट्टाला पेटायचा. उरलेले सहा सामने टीव्हीत साठवलेले होते. त्या सहा सामन्यांत पोराने सगळी भरपाई केली असणार, असं त्याने स्वतःशी ठरवलं. रविवारी सकाळी चर्चला गेला नाही. पेन्सिल घेतली आणि कोऱ्या पानावर, तिच्याच रकान्यांत लिहायला बसला. बटण दाबून थांबव, मागे घे, परत बघ. तिला हे सगळं एका नजरेत जमायचं, तेही बोटं गारठलेली असताना. पहिल्या सामन्यात डावीकडे दोन लांब पास, दोन्ही सुटले. पुढच्यात तीन, एक मिळाला, तोही नशिबाने. चौथ्या सामन्यात स्टोव्हर मोकळा उभा असलेला गडी सोडून उजवीकडे फेकत होता. ओरडण्यासारखं होतं. वेंडेल ओरडला.

आणि ओरडता ओरडता त्याला तो सामना आठवला. डिसेंबर. ती खाटेवर, उशांना टेकून. तो वाटीतून तिला सूप भरवत होता. हाच पास. ती म्हणाली होती, "त्याचा खांदा गेलाय, वेंडेल. द्यायला हवा त्याला." आणि तो म्हणाला होता, "हो गं. सूप घे."

म्हणजे तिने सांगितलं होतं. डुएनच्या आधी त्यालाच सांगितलं होतं. सहा वर्षांत तिने स्टोव्हरविरुद्ध काढलेला पहिला शब्द, आणि वेंडेलने तो सुपाबरोबर गिळायला लावला होता. एरवी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. तिनेही घेतलं असतं, जेवढं उरलं होतं तेवढ्या आवाजात. तो आजारपणात तिच्याशी भांडला नाही याचा त्याला अभिमान होता. अंत्यविधीला आलेल्या माणसांनाही त्याने तसं सांगितलं होतं.

त्याने पेन्सिल भिंतीवर फेकली. मग उठून उचलून आणली, कारण दोन सामने राहिले होते.

सहा सामन्यांत चौदा. मिळालेले दोन.

सोमवारी सकाळी त्याने रेडिओला फोन लावला. पन्नास मिनिटं थांबला. निवेदकाने त्याला आवाजावरूनच ओळखलं आणि मजा घेत विचारलं, काय म्हणतो लिफाफा?

"लिफाफा म्हणतो, द्या त्याला," वेंडेल म्हणाला. "डावीकडे लांबचे पंचेचाळीस पास, मिळाले नऊ. माझ्या बायकोने जानेवारीत सांगितलं. मला डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मागच्या वेळी मी तिच्या नावाने जे बोललो ते तिचं नव्हतं, माझं होतं."

निवेदक म्हणाला, म्हणजे आता तुम्ही मॅनेजरवर खूश तर.

"खूश? कशाबद्दल? तिने टॅकल घ्या म्हणून सांगितलं होतं. डाव्या बाजूला कोण उभा करणार हे गाढव? गुरुवारी समोर नुसती रांग होती टॅकलची, आणि ह्यांनी नवा पोरगा घेतला. पाठीमागून माणूस येतो तो त्याला दिसणार आहे का? ऑक्टोबरपर्यंत त्याचाही खांदा..." तो पाच मिनिटं बोलला. त्यातली चार मिनिटं तो वही समोर धरून बोलला. निवेदकाने जाहिरातीसाठी मध्येच तोडलं.

फोन ठेवला तोच वाजला. डुएन होता.

"ऐकलं," डुएन म्हणाला.

"मग?"

"केल्विनची दोन्ही उत्तरं बरोबर. माझं, मार्जीचं आणि रोझलिनचं एकेक. तुझं एकही नाही. जर्सी आणून ठेवलीय, डबल एक्स्ट्रा लार्ज, नेहमीसारखी."

वेंडेलने आपल्या पँटकडे बघितलं. पट्ट्याला त्याने मार्चमध्ये खिळ्याने नवं भोक पाडलं होतं.

"ती बदलून आण," तो म्हणाला. "लार्ज बसेल. आणि मार्जीला सांग, चपलांचे मी देतो."

"सांगतो."

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा."

"ठाऊक आहे," डुएन म्हणाला. "पण तू टॅकलचं जे बोललास ना, ते साफ चूक आहे. दुसऱ्या फेरीत घेतला ना तो जाडा. तो खेळेल की डावीकडून."

"तो?" वेंडेल खुर्ची ओढून बसला. वही त्याने मांडीवर घेतली. "तुला अक्कल आहे का, डुएन? तो जन्मभर उजवीकडे खेळलाय."