दोनशे बारा नंबरचा सरू

महिपतनं व्यंकटेशसरांचा उजवा हात लाकडी दाबात घातला आणि स्क्रू आवळला. पानं-फुलं चपटी वाळवायचा हा दाब सरांनीच हौसेनं बनवून घेतलेला.

"मास्तर, सरूचा कागद कुठी हाय?"

"मले नाई माईत."

रविवार होता, कॉलेज ओस. सरांच्या वनस्पतिसंग्रहाच्या त्या खोलीत चार हजार कागद होते. प्रत्येकावर एक वाळकी फांदी, खाली सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात नाव, गाव, तारीख. जमिनीच्या धंद्यात माजलेल्या महिपतला त्यातला एकच हवा होता. त्यानं मावला गावात घेतलेल्या जमिनीत निळसर पानांचा दुर्मिळ सरू होता, अख्ख्या जिल्ह्यात तेवढाच. तो तोडू नये म्हणून सरांनी अर्ज केला होता. उद्या सुनावणी, आणि तो सरू दुर्मिळ असल्याचा पुरावा म्हणजे त्याच्या फांदीचा हाच अस्सल कागद. खोली पेटवून गावभर बोंब करून घ्यायची नव्हती, म्हणून ही दांडगाई.

दुसऱ्या फेऱ्याला करंगळी मोडली. तुरीची काडी मोडावी तसा आवाज आला. महिपतच्या माणसानं दाराशी धरून ठेवलेली मदतनीस दामिनी ओरडली, "देऊन टाका ना, सर!"

सरांनी नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या फेऱ्याला फळीवरून रक्त ओघळलं. चौथ्याला सर गुरासारखे हंबरले, "खिडकीजवळचं कपाट... दोनशे बारा नंबर!"

महिपतनं कागद काढला, फाडला, लायटरनं पेटवला. सुकी फांदी भुर्रकन जळाली. जाताना त्यानं सरांच्या बरगडीत लाथ घातली. "तोंड उघडलं तं डावा हातबी घालीन."

दामिनीनं स्क्रू सैल केला. ती रडतही होती आणि चिडलीही होती. "द्यायचाच होता तं आधी काऊन नाई देला? चार बोटं गेली, सर!"

"लगेच देला असता," सर धापा टाकत म्हणाले, "तं त्याले संशय आला असता. मंग त्यानं इचारलं असतं, दुसरा कुठी हाय म्हून."

एकाच झाडाच्या तीन-चार फांद्या एकाच दिवशी तोडायच्या, सगळ्यांना एकच नंबर द्यायचा आणि एक तरी बाहेरच्या संग्रहाला पाठवायची, ही या कामाची जुनी रीत. महिपतला ती कुठून ठाऊक असणार! त्या हातानं आता पुन्हा तसं अक्षर उमटणार नव्हतं, आणि सरांना त्याचं फार वाईट वाटलं.

"हैदराबादच्या संग्रहाच्या सायबाले घरी फोन लाव," ते म्हणाले. "रातच्या बसनं कागद पाठवा म्हनाव."

दामिनीनं फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. सरांनी कागदाचा नंबर सांगितला, दोनशे बारा.